‘मेल्या’ची तुरुंगफोड

“उपकरणाची तुरुंगफोड केल्याने आशयावरील उत्पादकाचे नियंत्रण धोक्यात येते आणि परिणामी वापरकर्ता स्वतःच धोक्यात येतो.”

फोन बनवणाऱ्या कंपनीने कोशबाईंना धाडलेल्या नोटिशीचे हे पहिले वाक्य. बाईंनी ते तीनदा वाचले. पहिल्यांदा नागरिक म्हणून, दुसऱ्यांदा आरोपी म्हणून, कारण नोटिशीत त्यांचा उल्लेख तसाच होता, आणि तिसऱ्यांदा संपादक म्हणून. पहिली दोन वाचने वाक्याने निभावून नेली. तिसऱ्यातून ते जिवंत बाहेर आले नाही.

त्यांनी तांबड्या पेन्सिलीला टोक काढले आणि शब्दन् शब्द सुटा केला. ‘तुरुंगफोड’: कंपनीने फोनवर लादलेली बंधने काढून टाकण्याला दिलेला शब्द. तो बाईंचा नव्हता, कंपनीचाच होता. आणि तुरुंग फुटायचा तर आधी तो बांधलेला असावा लागतो, ही गोष्ट नोटीस लिहिणाऱ्याच्या ध्यानात आली नसावी. कैदी पळाल्याची तक्रार करता करता त्याने तुरुंगाचा पत्ताही देऊन टाकला होता. ‘उत्पादक’. कशाचा? फोनचा. माठ घडवला म्हणून कुंभार पाण्यावर हक्क सांगत नाही. ही मंडळी मात्र माठातले पाणी कोणी केव्हा प्यावे हेही ठरवू पाहत होती. ‘वापरकर्ता’. फोनच्या पेटीवर ठळक छापले होते, ‘अभिनंदन, आपण आता मालक आहात.’ मालकाचा वापरकर्ता नेमका कोणत्या दिवशी झाला, ती तारीख नोटिशीत नव्हती. आणि ‘परिणामी’. सगळ्या वाक्यातला हा सर्वांत अप्रामाणिक शब्द. नदीवर पूल नसताना पुलाच्या नावाची पाटी तेवढी लावावी, तसा तो मध्येच उभा होता. कंपनीचे नियंत्रण गेले की बाई धोक्यात कशा येतात, हे सांगायचे सोडून तो नुसते ‘पलीकडे चला’ म्हणत होता.

समासात बाईंनी लिहिले: ‘अर्धे खरे. म्हणूनच पूर्ण खोट्याहून वाईट.’ आणि मग त्या हसल्या. त्यांचे हसणे ज्यांनी पाहिले होते, त्यांना त्यांचा राग परवडत असे.

कोशबाई हे त्यांचे नाव नव्हे. शब्दकोशाच्या कार्यालयात चौतीस वर्षे काढल्यावर गल्लीने ते त्यांना बहाल केले होते. त्या कोशाचे नऊ खंड निघाले. त्यांत ‘मेघ’ या शब्दाला दीड स्तंभ मिळाला, ‘मेरुदंड’ला एक, आणि ‘मेल्या’ला एक ओळसुद्धा नाही. संपादक मंडळाने ठराव करून शिव्या, टोमणे आणि लाडाचे शाप अशिष्ट म्हणून वगळले होते. मंडळाच्या बैठकांत सदस्य एकमेकांना काय म्हणत, हे इतिवृत्त लिहिताना बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. त्यामुळे त्या ठरावाकडे त्या कधी गांभीर्याने पाहू शकल्या नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना हा फोन दिला आणि त्याच आठवड्यात बाईंनी रागावण्याचा कोश करायला घेतला. सहा वर्षे त्या भाजीच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या. कोणी कोणावर कडाडले की त्या फोन पुढे करत आणि अदबीने म्हणत, “पुन्हा एकदा म्हणाल का? तशाच रागात.” गंमत अशी, की दुसऱ्यांदा म्हणताना राग टिकत नसे. कित्येक भांडणे कोशाच्या पायी मिटली.

लिहून घेतले असते तर भागले नसते. शब्द कागदावर उतरतो, सूर उतरत नाही. आणि ‘मेल्या’चा तर सगळा अर्थ सुरात. चढ्या सुरात तो शाप, उतरत्या सुरात काळजी, आणि शेवटची मात्रा लांबवली की निखळ माया. म्हणून तीन हजार एकशे अठरा ध्वनिमुद्रणे हाच बाईंचा कोश होता. बाकी वह्या म्हणजे साल, आतला गर फोनमध्ये. प्रकाशक तयार होते. शेवटची नोंद झाली, बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि झोपल्या.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी फोनने स्वतःच स्वतःला अद्ययावत केले. ‘आशयरक्षक’ नावाचा एक पहारेकरी आत येऊन बसला होता. त्याने रातोरात सगळे ऐकले, परक्या भाषेत उलथवले, तोलले आणि बहुतेक नोंदींवर राखाडी चौकट ठोकली: ‘हा आशय आपल्या सुरक्षिततेसाठी दृष्टीआड केला आहे.’ प्रत्येक चौकटीखाली कारणही होते. बाईंनी ती कारणे वाचली तेव्हा त्यांना आधी संताप आला आणि मागोमाग असा आनंद झाला, की खुर्चीचा हात धरावा लागला.

‘माझं डोकं खाऊ नकोस’: नरभक्षणास विरोध, तरीही संवेदनशील. ‘पोटात कावळे ओरडतायत’: प्राण्यांशी क्रूर वर्तन. ‘तुझ्या जिभेला हाड नाही’: शरीरशास्त्राविषयी दिशाभूल. ‘जळलं मेलं लक्षण’: जाळपोळ, मनुष्यहानी. आणि ‘मेल्या’ जिथे जिथे आला होता, तिथे तिथे एकच शिक्का: मृत्यूची धमकी.

मोकळे राहिले होते ते फक्त टोमणे. ‘तुमच्या माहेरी असंच शिकवत असतील’, ‘आम्ही काय बाई, अडाणी’, ‘राहू दे, तुला कुठे जमणार’. माणसाला आतून सोलून काढणारी ही वाक्ये पहारेकऱ्याने तपासून पुढे सोडली होती आणि वर हिरवी खूण केली होती: कौटुंबिक, सुरक्षित. ज्याला सुरीची मूठ आणि पाते यांतला फरक कळत नाही, त्याला स्वयंपाकघराच्या दारात बसवले होते.

सात महिने बाई कंपनीला पत्रे लिहीत राहिल्या. सात महिने त्यांना एकच उत्तर येत राहिले, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आठव्या महिन्यात त्या भाचीच्या दुकानी गेल्या.

भाचीचे दुकान म्हणजे चावीवाल्याच्या शेजारची एक फळी, एक दिवा आणि एक भिंग. फळीवर चुंबकाची गादी, तिच्यावर तिळाएवढे स्क्रू ओळीने मांडलेले, राळेचा वास, तडकलेल्या काचांचा डबा. भाची चिमटा धरून काम करायची तेव्हा तिच्या ओठांचा चंबू व्हायचा, अगदी तिच्या आईसारखा. आई, म्हणजे बाईंची थोरली बहीण, तीन वर्षांपूर्वी गेली होती.

“मावशी, कंपनीला पत्रं लिहून काय होणार? पालथ्या घड्यावर पाणी,” भाची वर न बघता म्हणाली. “मी उघडून देते.”

“काय उघडून देतेस?”

“फोन. तुरुंगफोड. पहारेकऱ्याला आतून बाहेर काढायचं.”

“कायद्यानं चालतं?”

“फोन तुझा आहे ना?”

“तो वादाचा मुद्दा दिसतोय.”

भाचीने चिमटा खाली ठेवला. “हे बघ, खोटं सांगत नाही. शंभरातले नव्वद उघडतात. दहांची वीट होते.”

“वीट?”

“म्हणजे मेला. हातात धरायचा, कागदावर ठेवायचा, उडू नयेत म्हणून. आतलं सगळं गेलं.”

“दगडापेक्षा वीट मऊ.”

“विनोद करू नकोस, तीन हजार शिव्या आहेत आत.”

“तीन हजार एकशे अठरा.”

“आणि आणखी एक. उघडल्यावर कंपनीचा पहारा जातो, तसा चोरांना अडवणाराही जातो. दिसेल ते ॲप घेतलंस तर पस्तावशील. कंपनी त्यात खोटं बोलत नाही.”

“अगं, संदर्भ तपासल्याशिवाय मी चौतीस वर्षांत एक शब्द आत घेतला नाही. ॲप घेणार आहे होय?”

तरीही बाईंचा हात पर्सवरून हलेना. शंभरातले दहा, म्हणजे तीनशे अकरा पूर्णांक आठ दशांश शिव्या, असा हिशोब त्यांनी मनात करून पाहिला. पण वीट झाली तर सगळ्याच जाणार होत्या, दशांशाला तिथे अर्थ नव्हता. अखेर त्या म्हणाल्या, “त्यातल्या एक्केचाळीस तुझ्या आईच्या आहेत.”

भाचीच्या ओठांचा चंबू सुटला. “आईच्या? मला कधी बोलली नाहीस.”

“कोश झाल्यावर देणार होते. अर्धवट काम दाखवायची मला सवय नाही.”

“मावशी, तू म्हणजे ना,” भाची म्हणाली आणि पुढचा शब्द तिने गिळला. तो तीन हजार एकशे एकोणिसावा ठरला असता.

बाईंनी फोन फळीवर ठेवला. “उघड.”

भाचीने तार जोडली. दोन कळा दाबून धरल्या आणि दहा मोजले. पडदा काळा झाला. काही घडले नाही. दुसऱ्या खेपेला फोन एकदा थरथरला आणि शांत झाला. चावीवाल्याने कानस थांबवली आणि तोही मान वाकवून बघू लागला. तिसऱ्या खेपेला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे मुंग्यांसारखी पळू लागली. बाई चष्मा सावरून ती वाचत होत्या.

“या ओळीत एक शब्द चुकलाय.”

“मावशी, गप्प बस.”

अक्षरे थांबली. पडदा उजळला. राखाडी चौकटी एकेक करून विरल्या आणि खाली नोंदी दिसू लागल्या, पावसानंतर पाट्या धुऊन निघाव्यात तशा. भाचीने बोट ठेवले ते नेमके बाराव्या नोंदीवर.

“अगं मेले, स्टूल धर नीट. मी पडले तर तुला जेवायला कोण घालील? हसतेस काय, टवळे? आणि तू गं, तो फोन काय नाचवतेस? तू पण धर. मेल्या दोघी एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा.”

मग स्टूल करकरले, आणि तीन बायकांचे हसणे.

भाचीने ते पाच वेळा लावले. पाचव्यांदा चावीवाल्याने विचारले, “कोण ओरडतंय एवढं?”

“माझी आई,” भाची म्हणाली. “ओरडू दे.”

नाव आशयरक्षक आणि धंदा चहाडीचा: हाकलला जाता जाता पहारेकऱ्याने कंपनीला वर्दी दिली. तिसऱ्या दिवशी नोटीस आली. फोन पूर्ववत करून द्यावा, मोकळ्या झालेल्या आशयाची प्रत ठेवू नये, अन्यथा कारवाई. बाईंनी नोटिशीचे शवविच्छेदन केले, ते वर आलेच आहे, आणि स्वतःच ग्राहक गाऱ्हाणी मंचाकडे तक्रार गुदरली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बाईंचे म्हणणे असे, की ही म्हण ज्याने केली त्याचा खटला कोणाविरुद्ध होता हे आधी तपासायला हवे.

मंचाने पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश दिला: निकालापर्यंत फोन आहे त्या अवस्थेत राहील, कोणीही प्रत काढू नये. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, की पहारेकरी परत, चौकटी परत, आणि कोश मुका.

“मावशी, एक तार लावते. दहा मिनिटांत सगळी प्रत माझ्याकडे. कोणाला कळतंय?” भाची म्हणाली.

“आदेशात ‘कोणीही’ असं आहे. आपण त्यात येतो.”

“पण हरलीस तर?”

“तर हरले. शब्दाचा अर्थ सोयीनं लावायचा असता तर मी त्यांच्याकडे नोकरी धरली असती.”

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. तो हावभाव ध्वनिमुद्रित होत नसल्याने कोशात नव्हता.

सुनावणीच्या दिवशी मंचाच्या खोलीत सहा बाके, एक कुरकुरणारा पंखा आणि उंच टेबलामागे अध्यक्षा. त्यांचा चष्मा सतत नाकावर घसरे आणि त्या तो एका बोटाने वर ढकलीत. शेजारी लघुलेखक, वीस वर्षे फौजदारी कचेरीत काढून नुकताच इकडे आलेला. कंपनीतर्फे अनुपालन अधिकारी आले होते. नियम पाळले जातात की नाही हे पाहणे, हे त्यांचे काम. तिशीचा माणूस, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून जपून बसणारा, बोलणे मऊ. बाईंनी मनाशी ठरवले होते की याचा द्वेष करायचा. पण आत येताना त्याने दार धरून ठेवले आणि पंचाईत केली.

अधिकाऱ्यांनी नोटीस वाचून दाखवली. मग म्हणाले, “अध्यक्ष महोदया, प्रश्न एका फोनचा नाही. एकानं कुलूप काढलं की दुसरा काढतो. मग फोनमध्ये काय असावं, काय नसावं, यावर आमचा ताबा राहत नाही. आणि या प्रकरणातला आशय तर उघडपणे घातक आहे. हजारभर धमक्या.”

“ऐकवा,” अध्यक्षा म्हणाल्या.

“जी?”

“घातक आहे म्हणता. ऐकल्याशिवाय मी कसं ठरवू?”

अधिकाऱ्यांनी कंपनीच्या साठवणीतून आणलेली प्रत स्वतःच्या फोनवर लावली. फोनने विनयाने सांगितले, की हा आशय आपल्या सुरक्षिततेसाठी दृष्टीआड केला आहे. त्यांनी संगणक उघडला. संगणकही त्याच घराण्यातला. तोही तेच म्हणाला. त्यांनी मुख्यालयाला विचारणा केली. मुख्यालयाने कळवले, की तो आशय कंपनीच्या कोणत्याही उपकरणावर कोणालाही ऐकता येत नाही, मुख्यालयालाही नाही.

“म्हणजे,” अध्यक्षा चष्मा ढकलत म्हणाल्या, “हे घातक आहे असं म्हणणाऱ्यांपैकी कोणीच हे ऐकलेलं नाही.”

“यंत्रणेनं ऐकलंय.”

“यंत्रणेला साक्षीला बोलावू का?”

मागच्या बाकावर भाची फिसकन हसली. लघुलेखकाने ‘हशा’ असे टंकले आणि मग विचार करून खोडले.

“या खोलीत हा पुरावा वाजवू शकेल असा एकच फोन आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तो आरोपी आहे. परवानगी असेल तर साक्ष देईल.”

अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. अध्यक्षांनी ती नोंदवली, आणि विचार करायला दहा मिनिटे सुट्टी दिली.

बाहेर ओसरीवर चहाचे यंत्र होते. अधिकारी कागदी पेला घेऊन एकटेच उभे होते. बाई त्यांच्याजवळ गेल्या. शत्रू असला तरी माणूस होता, आणि माणूस म्हटला की त्याला कोणीतरी रागावलेले असणारच; संशोधकाने अशी संधी सोडू नये.

“तुमच्या घरी रागावतं कोण?”

अधिकारी दचकले, मग हसले. “आई. पण रागवायला बोलावं तरी लागतं ना. जानेवारीपासून माझ्याशी नीट बोलत नाही.”

“भांडलात?”

“नाही हो. गावी असते. रोज सकाळी तिचा ध्वनिनिरोप यायचा, न चुकता. नवीन वर्षापासून एकदम बंद. मी फोन केला की म्हणते, ‘ठेव, तुला कुठे वेळ आहे’, आणि ठेवून देते. काय चुकलं माझं, तेच कळत नाही.” त्यांनी पेला चुरगळला. “हट्टी आहे.”

“असेल,” बाई म्हणाल्या. आणि ‘ठेव, तुला कुठे वेळ आहे’ हे वाक्य त्यांनी सवयीने मनातल्या मनात टोमण्यांच्या खणात टाकले. नंतर त्या हे आठवून स्वतःला पुष्कळ बोलल्या. सुराविना लावलेला अर्थ, तोही त्यांनी.

सुट्टीनंतर अध्यक्षांनी परवानगी दिली. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला गेला. भाचीने आवाज वाढवला.

बाईंनी आधी कंपनीने सुरक्षित ठरवलेली एक नोंद लावली. एक गोड, संथ, वयस्क आवाज: “बस गं, तू कशाला उठतेस? आमच्या हाडांना सवय आहे कामाची.”

खोलीत कोणी हसले नाही. अध्यक्षांचा चष्मा घसरला आणि तसाच राहिला. “हा कोणाचा आवाज आहे?” त्यांनी जरा घाईने विचारले.

“एका शिक्षिकेचा. आपल्या परिचयाच्या नसाव्यात.”

“नाही, नाही. वाटलं आमच्या सासूबाई.” त्यांनी लघुलेखकाकडे पाहिले. “हे घेऊ नका.”

“याला कंपनीनं हिरवी खूण दिली आहे,” बाई म्हणाल्या. “आता जिला मृत्यूची धमकी म्हटलंय ती. नोंद शेवटची. एक निवृत्त परिचारिका, दवाखान्याच्या बाकावर बसून परगावच्या मुलाला निरोप पाठवत होत्या.”

फोन बोलू लागला. “मेल्या, जेवलास का? का नुसता त्या कागदांत डोकं खुपसून बसलायस? अरे मेल्या, माणूस आहेस का कपाट? दोन घास खा, मग जग सुधार. आणि उत्तर दे रे. मेल्याऽऽ.”

शेवटची मात्रा लांबली आणि थांबली. पंखासुद्धा दोन फेरे न कुरकुरता फिरला. मग मागच्या बाकावरचे कोणी, कशाच्यातरी आठवणीने, मोठ्याने हसले, आणि हसणे बाकाबाकावरून पुढे सरकत टेबलापर्यंत आले. अध्यक्षा हसल्या. लघुलेखक हसला. “माझी आजी अगदी अशीच,” तो म्हणाला, आणि आपण न विचारता बोललो म्हणून ओशाळला.

अधिकारी हसले नव्हते. त्यांनी विचारले, “ही यंत्रणा फक्त आपण केलेली ध्वनिमुद्रणं अडवते, की आलेले निरोपही?”

“दोन्ही,” भाची म्हणाली. “तुमच्याच नोटिशीच्या परिशिष्टात आहे, कलम नऊ. पाठवणाऱ्याला ‘पोहोचला’ असं दिसतं. घेणाऱ्याला काहीच दिसत नाही, नुसता एक आकडा वाढतो.”

“आकडा मी पाहिलाय. मला वाटलं जाहिराती असतील.”

त्यांनी स्वतःचा फोन काढला. तीन पडदे ओलांडून एका कोपऱ्यात ते पान होते, कोणी मुद्दाम उघडल्याशिवाय न दिसणारे. बाई शेजारीच उभ्या होत्या; दुसऱ्याचे वाचू नये हे ठाऊक असूनही वाचण्याची सवय चौतीस वर्षांची. ‘आशयरक्षकाने आपल्यासाठी अडवलेले धोके: २४३.’ खाली यादी. पाठवणाऱ्याचे नाव, प्रकार. आई, मृत्यूची धमकी. आई, मृत्यूची धमकी. आई, मृत्यूची धमकी. बोट वर सरकत राहिले तरी यादी संपेना, आणि रोजची तारीख होती. एकही दिवस चुकला नव्हता.

बाईंच्या मनात सकाळपासून धारदार वाक्ये तयार होती. कुंपणाने शेत खाल्ल्याचे एक होते, ‘परिणामी’वर तर तब्बल चार. त्यांनी ती सगळी परत खणात ठेवली. त्या हळूच म्हणाल्या, “रुसल्या नव्हत्या त्या.”

“नाही,” अधिकारी म्हणाले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांचे मळभ सरून असे काही उमटले, की इस्त्रीची घडी पहिल्यांदाच मोडली. ते चक्क हसत होते, डोळे पुसत. “दोनशे त्रेचाळीस. रोज. आणि उत्तर नाही म्हणून माझ्यावर चिडलीय ती.” ते भाचीकडे वळले. “ताई, तुमचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?”

“तुमच्यासाठी उशिरापर्यंत,” भाची म्हणाली. “पण दहांची वीट होते हां.”

अध्यक्षांनी टेबलावर बोट आपटले. “प्रतिपक्षाला काही म्हणायचं आहे का? आशयावरचं नियंत्रण धोक्यात आलं, हा तुमचा दावा. तो कायम आहे का? निकाल त्यावरच आहे.”

“म्हणायचं आहे,” अधिकारी उठून उभे राहिले. “शब्दशः घ्या.”

भाचीने तार पर्समधून काढून मांडीवर ठेवली. निकाल लागून प्रत काढायला आता किती मिनिटे उरली, याचा तिने अंदाज बांधला होता. लघुलेखकाने बोटे मोडली आणि वीस वर्षांच्या हातसवयीने वर शीर्षक टंकले: ‘आरोपीचा कबुलीजबाब’. या मंचात आरोपी नसतो, प्रतिपक्ष असतो. शब्द साफ चुकीचा होता. बाईंनी तो पडद्यावर पाहिला, त्यांचा हात तांबड्या पेन्सिलीकडे गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक चूक तशीच राहू दिली.

खाली नोंद आहे ती अशी:

“आशयावर कंपनीचं नियंत्रण होतं का, तर होतं. आठ महिने माझी आई मला रोज मेल्या म्हणत होती आणि मला कळलं नाही, इतकं होतं.”